प्रकल्प नोंदी: मेंबर्स टेबलातून ब्रँच_कोड काढताना

३ जून

मेंबर्स, म्हणजे सदस्यांच्या, टेबलातला ब्रँच_कोड हा कॉलम आता काढायचाच, असं आज ठरलं. शाखांचं वेगळं टेबल झालं, मेंबर्समध्ये ब्रँच_आयडी आला, त्यावर फॉरिन की (तो आयडी शाखांच्या टेबलात असलाच पाहिजे ही अट) लागली, तरी जुना अक्षरी कोड जागेवरच आहे. एकाच गोष्टीच्या दोन नोंदी, आणि त्या कायम जुळत राहतील अशी व्यवस्था कुठेच नाही. मध्यंतरी एका अहवालात सदस्य एका शाखेत आणि त्याची पावती दुसऱ्या शाखेत दिसली, ती यामुळेच.

मुख्य डेटाबेस पोस्टग्रेसवर आहे. टेस्ट एसक्यूलाइटवर चालतात आणि अहवालांसाठी एक प्रत एसक्यूएल सर्व्हरवर आहे. कॉलम तिन्ही ठिकाणी आहे आणि या तिन्ही डेटाबेस प्रणालींचे नियम वेगळे आहेत. पुढचा कॉलम काढायची वेळ येईल तेव्हा हाती काहीतरी असावं म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

४ जून

स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या प्रतीवर, ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्का किंवा एकत्र रद्द होणारा कमांडांचा गट) उघडून सरळ कमांड दिली:

ऑल्टर टेबल मेंबर्स ड्रॉप कॉलम ब्रँच_कोड;

अडली. एरर कोड २बीपी०१, म्हणजे या कॉलमवर इतर ऑब्जेक्ट अवलंबून आहेत. खाली डिटेलमध्ये यादी आली: दोन व्ह्यू (साठवलेल्या क्वेरी), एक मटेरियलाइज्ड व्ह्यू (निकालही साठवणारा), एक ट्रिगर (नोंद बदलताना आपोआप चालणारा) आणि एक रो-सिक्युरिटी पॉलिसी (कुणाला कुठल्या ओळी दिसाव्यात हा नियम). सगळ्यात शेवटी हिंट, की कॅस्केड लावा म्हणजे हेही सगळं निघून जाईल.

ही हिंट जशीच्या तशी मानायला माझा ठाम विरोध आहे. कॅस्केड लावल्यावर एरर जातो, पण एरर ज्यांच्याबद्दल बोलत होता त्या गोष्टीही जातात. आजच्या यादीतली पॉलिसीच घ्या. एका शाखेच्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या शाखेचे सदस्य दिसू नयेत हा नियम ती सांभाळते. ती रिस्ट्रिक्टिव्ह प्रकारची आहे, म्हणजे इतर पॉलिसींनी दिलेली मुभा आणखी आवळणारी. ती कॅस्केडमध्ये उडाली तर कुणाचंही काम अडणार नाही, स्क्रीन उघडत राहतील, फक्त सगळ्यांना नको तितकं दिसू लागेल. तक्रार कोण करणार? व्ह्यू गेला तर निदान अहवाल बंद पडतो आणि कुणीतरी फोन करतं.

एका कामासाठी मात्र कॅस्केड उपयोगी आहे. पोस्टग्रेसमध्ये टेबलाची रचना बदलणाऱ्या कमांडही ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात. बिगिन म्हणायचं, आधी टेबलाचं वर्णन काढून ठेवायचं, कॅस्केडसह कॉलम काढायचा, पुन्हा वर्णन काढायचं आणि रोलबॅक करायचं, म्हणजे सगळं मागे घ्यायचं. मग आधीचं आणि नंतरचं वर्णन शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघायची. हे स्टेजिंगवरच करावं, कारण ट्रान्झॅक्शन उघडं असेपर्यंत टेबल पूर्ण लॉक राहतं. मायएसक्यूएलवर तर हा प्रयोगच करू नये. तिथे ऑल्टर टेबल दिलं की आपोआप कमिट, म्हणजे पक्कं, होतं, रोलबॅकला काही उरतच नाही.

दोन्ही वर्णनं ताडल्यावर एक फरक असा निघाला जो एररच्या यादीत नव्हता. त्याची नोंद पुढे, नीट तपासल्यावर.

५ जून

व्ह्यूंचं काम. दोन्ही व्ह्यूंमधून ब्रँच_कोड काढून शाखेचा कोड ब्रँचेस टेबलातून जोडून घ्यायचा.

पहिल्या व्ह्यूच्या मूळ स्क्रिप्टमध्ये ब्रँच_कोड हा शब्दच सापडेना. तिथे फक्त 'सिलेक्ट स्टार' (सगळे कॉलम आण) होतं. पोस्टग्रेस व्ह्यू बनवतानाच त्या स्टारचा विस्तार करून त्या वेळचे सगळे कॉलम नावानिशी नोंदवून ठेवतं. त्यामुळे कुणी वापरत नसलेल्या कॉलमवरही तो व्ह्यू अवलंबून राहतो, आणि नंतर जोडलेला कॉलम मात्र त्यात येत नाही. स्क्रिप्टमध्ये शोधून समाधान मानू नये, व्ह्यूची साठवलेली व्याख्या डेटाबेसकडूनच मागून घ्यावी. नवीन स्क्रिप्टमध्ये कॉलम नावं घेऊन लिहिले.

दुसऱ्या व्ह्यूवर 'क्रिएट ऑर रिप्लेस व्ह्यू' चालवलं तर ४२पी१६ आला: व्ह्यूमधून कॉलम काढता येत नाहीत. रिप्लेस करताना शेवटी नवीन कॉलम जोडता येतो. असलेला वगळणं, त्याचं नाव किंवा प्रकार बदलणं चालत नाही. म्हणून व्ह्यू आधी ड्रॉप आणि मग क्रिएट, दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. ड्रॉप केला की त्यावर दिलेल्या परवानग्याही जातात. अहवालाच्या युझरला सिलेक्टची ग्रँट पुन्हा देणारी ओळ त्याच स्क्रिप्टमध्ये घातली.

मटेरियलाइज्ड व्ह्यूला 'ऑर रिप्लेस' मुळातच नाही. तो नव्याने बनवला आणि त्यावरचा युनिक इंडेक्सही (शोध जलद करणारी, दुहेरी नोंद न चालवणारी सूची) पुन्हा केला. तो इंडेक्स नसेल तर 'रिफ्रेश कन्करंटली' (वाचणाऱ्यांना न अडवता ताजं करणं) चालत नाही, आणि आपलं रात्रीचं रिफ्रेश तसंच चालतं.

पॉलिसी ब्रँच_आयडीवर नव्याने लिहिली. आधी नवी लावली, मग जुनी काढली. मधल्या काळात दोन्ही लागू होत्या. रिस्ट्रिक्टिव्ह असल्यामुळे दोन्ही एकदम पाळल्या जातात, त्यामुळे एक क्षणही दार उघडं राहिलं नाही. दोन वेगळ्या शाखांच्या लॉगिननी प्रत्यक्ष यादी उघडून बघितली.

८ जून

आता तो न सांगितलेला फरक.

मेंबर्सवर एक युनिक कन्स्ट्रेंट (तीच किंमत दोनदा येऊ न देणारी अट) आहे: ब्रँच_कोड आणि मेंबर_नंबर मिळून. सदस्य क्रमांक प्रत्येक शाखेत एकपासून सुरू होतो, म्हणून क्रमांक एकटा युनिक नाही, शाखेसह आहे. ब्रँच_कोड काढला की हा कन्स्ट्रेंट आपसूक निघून जातो. एरर नाही, सूचना नाही. पोस्टग्रेसचा नियमच तसा आहे: त्याच टेबलावरचे जे इंडेक्स आणि कन्स्ट्रेंट त्या कॉलमला धरून आहेत, ते अनेक कॉलमांचे असले तरी, कॉलमबरोबर जातात. यापलीकडच्या गोष्टी अवलंबून असतील तेवढ्यांपुरताच तो अडतो. अडवणाऱ्या एररपेक्षा ही शांतता जास्त घातक वाटते. कॉलम काढल्याच्या दुसऱ्या दिवशीपासून एका शाखेत एकाच क्रमांकाचे दोन सदस्य बनू शकले असते आणि ते कळायला कितीही काळ गेला असता.

मायएसक्यूएलवर हेच वेगळं घडतं. तिथे अनेक कॉलमांच्या इंडेक्समधून फक्त तो कॉलम वगळला जातो आणि उरलेल्यांवर इंडेक्स राहतो. आपल्या बाबतीत एकट्या मेंबर_नंबरवर युनिक लागलं असतं आणि दोन शाखांत असलेल्या पहिल्याच क्रमांकावर १०६२ (दुहेरी नोंद) येऊन काम थांबलं असतं.

उपाय म्हणजे नवा युनिक कन्स्ट्रेंट ब्रँच_आयडी आणि मेंबर_नंबरवर, जुना जाण्याच्या आधी. चालू टेबल अडू नये म्हणून प्रथम 'क्रिएट युनिक इंडेक्स कन्करंटली', आणि तो पूर्ण झाल्यावर त्याच इंडेक्सवर कन्स्ट्रेंट बसवायचा.

इंडेक्स बनलाच नाही. २३५०५, दुहेरी नोंद. क्रमांक ११४० एकाच शाखेत दोनदा. पण जुन्या युनिकने हे कसं चालू दिलं? दोन्ही ओळींतले कोड काढून त्यांची लांबी मोजली: एकाची दोन अक्षरं, दुसऱ्याची तीन. 'एन१' आणि 'एन१ '. दुसऱ्याच्या शेवटी एक रिकामी जागा. टेक्स्ट प्रकारात त्या दोन वेगळ्या किमती आहेत, म्हणून जुन्या कन्स्ट्रेंटच्या लेखी त्या दोन वेगळ्या शाखा होत्या. ब्रँच_आयडी भरताना कोड ट्रिम केले गेले, म्हणजे कडेच्या रिकाम्या जागा काढल्या गेल्या, आणि दोघे एकाच शाखेत आले. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात; लांबी काढल्याशिवाय हे डोळ्यांना कळणं शक्य नव्हतं.

अशा जोड्या आणखीही निघाल्या. कुठला क्रमांक खरा, हे क्वेरी ठरवू शकत नाही. यादी शाखांकडे पाठवली आहे.

अपयशी ठरलेला कन्करंट इंडेक्स 'इनव्हॅलिड' म्हणून मागे राहतो. क्वेरी त्याचा उपयोग करत नाहीत, पण प्रत्येक लिखाणावेळी त्याचा भार पडतच राहतो. तो काढून टाकला.

१० जून

शाखांकडून उत्तरं आली, क्रमांक दुरुस्त झाले, नवा इंडेक्स बनला, कन्स्ट्रेंट लागला. प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसवरही. आता जुना गेला तरी हरकत नाही.

दिवसाचा उरलेला भाग फंक्शनांमध्ये गेला. पीएलपीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेल्या फंक्शनचा मजकूर पोस्टग्रेसच्या दृष्टीने नुसती स्ट्रिंग असते. आत कुठला कॉलम वापरलाय याची नोंद पीजी_डिपेंड या अवलंबनांच्या यादीत होत नाही. म्हणून कॉलम बिनबोभाट निघतो आणि फंक्शन चालेल तेव्हा ४२७०३ येतो: असा कॉलम नाही. आवृत्ती १४ पासून एसक्यूएल भाषेतलं फंक्शन 'बिगिन अ‍ॅटॉमिक' पद्धतीने लिहिलं तर ही डिपेंडन्सी नोंदली जाते, पण आपली फंक्शनं जुनी आहेत आणि बहुतेक पीएलपीजीएसक्यूएल.

पीजी_प्रॉक या फंक्शनांच्या यादीतल्या मजकुरात ब्रँच_कोड शोधला. जी सापडली त्यातलं एक ट्रिगर फंक्शन आहे, आणि ते नव्या सदस्याच्या प्रत्येक इन्सर्टवर चालतं. त्यात 'न्यू डॉट ब्रँच_कोड' आहे. एररच्या यादीत आलेला ट्रिगर हा नव्हे. तो 'अपडेट ऑफ ब्रँच_कोड' असा कॉलमला बांधलेला होता, म्हणून तो डेटाबेसला ठाऊक होता. हा दुसरा कुठल्याच कॉलमला बांधलेला नाही, म्हणून कुठेच नोंद नाही. कॉलम काढला असता तर 'न्यू रेकॉर्डमध्ये असं फील्ड नाही' म्हणत नव्या सदस्यांची नोंदणीच थांबली असती. दोन्ही ट्रिगर मार्गी लावले.

मजकुरात शोधूनही एक जागा सुटू शकते: जिथे क्वेरी तुकडे जोडून बनवली जाते. 'एक्झिक्यूट' वापरणारी फंक्शनं वेगळी काढून वाचली. त्यांत काही निघालं नाही.

११ जून

टेस्टकडचं एसक्यूलाइट. ड्रॉप कॉलम तिथे ३.३५.० आवृत्तीत, मार्च २०२१ मध्ये आलं. एका मशीनवर आवृत्ती त्याहून जुनी निघाली; तिथे 'ड्रॉप' शब्दाजवळ सिंटॅक्स एरर येत होता आणि तो वाचून कमांडच चुकली आहे असं वाटतं. आवृत्ती विचारून बघणं हा पहिला उपाय.

नव्या आवृत्तीवर वेगळा एरर: कॉलम काढल्यावर अमुक इंडेक्समध्ये चूक राहते, असा कॉलम नाही. एसक्यूलाइट इंडेक्स आपणहून काढत नाही. इंडेक्स, चेक, ट्रिगर किंवा व्ह्यूमध्ये कॉलमचा उल्लेख असेल तर सरळ नकार देतं. मला हा कडकपणा आवडतो. आपला युनिक मात्र टेबलाच्या व्याख्येतच असल्यामुळे तो वेगळा काढता येत नाही. नवं टेबल बनवून, डेटा हलवून, जुनं काढून, नव्याला नाव द्यावं लागलं.

१२ जून

एसक्यूएल सर्व्हरवरची प्रत. दोन एरर जोडीने येतात: ५०७४ कोण अवलंबून आहे ते सांगतो, ४९२२ काम झालं नाही हे सांगतो. वाचायचा तो ५०७४.

इथे अडवणारा होता डिफॉल्ट कन्स्ट्रेंट, म्हणजे किंमत दिली नाही तर कोणती भरायची हे सांगणारा. टेबल बनवताना कॉलमला डिफॉल्ट दिलं आणि नाव दिलं नाही, तर सर्व्हर 'डीएफ' ने सुरू होणारं, शेवटी आकडे-अक्षरं असलेलं नाव स्वतःच ठेवतो. ते नाव प्रत्येक सर्व्हरवर वेगळं असतं. स्टेजिंगवरून नाव उचलून स्क्रिप्टमध्ये घातलं तर प्रॉडक्शनवर ती स्क्रिप्ट पडणार हे नक्की. म्हणून नाव सिस डॉट डिफॉल्ट_कन्स्ट्रेंट्समधून टेबल आणि कॉलमवरून शोधायचं, मग त्या नावाची ड्रॉप कमांड तयार करून चालवायची, आणि त्यानंतर कॉलम. यापुढे इथे डिफॉल्ट देताना नावासह द्यावं.

१५ जून

अ‍ॅप्लिकेशनचा क्रम. यावर चर्चा बरीच झाली, कारण कोड आणि डेटाबेस एकाच क्षणी बदलत नाहीत. मधे काही काळ जुना कोड आणि नवा कोड दोन्ही चालू असतात.

कॉलम आधी काढला तर जुना कोड पडतो. आपला ओआरएम (कोड आणि टेबल यांना जोडणारी लायब्ररी) सुरू होतानाच टेबलातले सगळे कॉलम लक्षात ठेवतो आणि त्याने बनवलेल्या क्वेरींत त्यांची नावं घेतो, मग तो कॉलम कुठे वापरलेला असो वा नसो. म्हणून मॉडेलमधून, म्हणजे कोडमधल्या टेबलाच्या वर्णनातून, कॉलम आधी जायला हवा. पण नुसतं तेवढंही पुरत नाही: पोस्टग्रेसवर ब्रँच_कोड नॉट नल (रिकामा चालत नाही) आहे आणि त्याला डिफॉल्ट नाही. नवा कोड तो भरणं थांबवेल आणि प्रत्येक इन्सर्टवर २३५०२ येईल.

म्हणून असं ठरलं: आधी नॉट नल काढायचं. मग ब्रँच_कोड न वाचणारा, न लिहिणारा कोड सर्वत्र जाऊ द्यायचा. तो स्थिरावला, मागे फिरायची गरज नाही अशी खात्री झाली, की मगच कॉलम.

आठ तारखेच्या कामाचं महत्त्व इथे पुन्हा जाणवलं. कोड नल येऊ लागला की जुना युनिक कन्स्ट्रेंट निकामी होतो, कारण युनिकमध्ये नल एकमेकांच्या बरोबरीचे धरले जात नाहीत. नवा कन्स्ट्रेंट आधीच नसता तर कॉलम काढण्याच्याही आधीपासून दुहेरी क्रमांक शिरले असते.

नॉट नल काढलं. नवा कोड गेला.

१८ जून

प्रॉडक्शनवर कॉलम काढायची रात्र. आधी आयडी आणि ब्रँच_कोड एवढेच दोन कॉलम एका वेगळ्या टेबलात उतरवून ठेवले. मायग्रेशन (रचना बदलणारी स्क्रिप्ट) उलटं फिरवता येतं, पण ते रिकामा कॉलम परत देतं. आतला डेटा नाही.

ड्रॉप कॉलमला 'अ‍ॅक्सेस एक्सक्लुझिव्ह' लॉक लागतं, म्हणजे साधं सिलेक्टही त्याच्याबरोबर चालत नाही. काम क्षणाचं असतं, धोका वाट बघण्यात असतो. एखादी लांब क्वेरी आधीच चालू असेल तर आपली कमांड तिच्यामागे उभी राहते, आणि आपल्यामागून येणारं प्रत्येक सिलेक्ट आपल्यामागे. फाटकात एक ट्रक अडला की मागची रांग वाढत जाते, तसं. म्हणून आधी लॉक_टाइमआउट ३ सेकंद ठेवला.

तीन सेकंदांनी ५५पी०३: लॉक मिळालं नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पीजी_ब्लॉकिंग_पिड्स वापरून कोण अडवतंय ते काढलं आणि पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत त्याची क्वेरी बघितली. पीजी_डंप. रात्रीचा बॅकअप. डंप सुरू होताना सगळ्या टेबलांवर 'अ‍ॅक्सेस शेअर' लॉक घेतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांना त्याचा त्रास नसतो, म्हणून एरवी तो जाणवत नाही. आपल्या लॉकशी मात्र त्याचं जमत नाही. बॅकअप मारायचा प्रश्नच नव्हता. काम उद्या पहाटे, तो संपल्यावर.

टाइमआउट नसता तर बॅकअप संपेपर्यंत सगळी सेवा बंद राहिली असती.

१९ जून

बॅकअप संपल्याची खात्री केली, कमांड दिली, लगेच पूर्ण झाली. कॅस्केडविना.

काही मिनिटांत लॉगमध्ये ०ए००० दिसू लागला: साठवलेल्या प्लॅनच्या निकालाचा प्रकार बदलता येत नाही. पूलमधल्या, म्हणजे उघडी ठेवलेल्या, जुन्या कनेक्शनांवर 'सिलेक्ट स्टार'ची प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरी) तयार होती आणि स्टारमधले कॉलम आता कमी झाले होते. अ‍ॅप्लिकेशन एकेक करून रीस्टार्ट केल्यावर थांबलं. पुढच्या वेळी हा रीस्टार्ट योजनेतच लिहायचा.

टेबलाचा आकार होता तेवढाच आहे, असं एका सहकाऱ्याने विचारलं. बरोबर आहे. पोस्टग्रेस कॉलम काढताना डेटाला हात लावत नाही. पीजी_अ‍ॅट्रिब्यूटमध्ये त्या कॉलमवर 'अ‍ॅटइजड्रॉप्ड'ची खूण करतो आणि नाव बदलतो. ओळी जशा अपडेट होतील तशी जागा हळूहळू मोकळी होते. व्हॅक्यूम फुलने ती लगेच मिळते, पण तो पूर्ण टेबल नव्याने लिहितो आणि तेवढा वेळ तेच कडक लॉक धरून ठेवतो. दोन-तीन अक्षरांच्या कोडसाठी ते नको. एक मात्र ध्यानात ठेवावं: काढलेले कॉलमही १६०० च्या मर्यादेत मोजले जातात. वारंवार कॉलम जोडणाऱ्या-काढणाऱ्या टेबलांना ते कधीतरी नडू शकतं.

एसक्यूएल सर्व्हरवरही आजच काढला. डिफॉल्टचं नाव शोधणारी स्क्रिप्ट नीट चालली.

२२ जून

लॉगमध्ये ४२७०३ शोधला. काही नाही. पण सदस्यांची फाइल आत घेणारं काम पडलं आहे, २२पी०४ देऊन: शेवटच्या अपेक्षित कॉलमनंतर जादा डेटा.

ते काम 'कॉपी मेंबर्स फ्रॉम' असं, कॉलमांची नावं न देता लिहिलेलं आहे. त्यामुळे टेबलात जितके कॉलम तितकेच फाइलमध्ये हवेत, आणि फाइलमध्ये जुना कोड अजून येतो आहे. 'ब्रँच_कोड' हा शब्द या स्क्रिप्टमध्ये कुठेच नाही, म्हणून शोधात ती सापडणं शक्य नव्हतं. 'स्टार' आणि नावं न दिलेलं 'कॉपी' या दोन गोष्टी यापुढे वेगळ्या शोधायच्या. इन्सर्टमध्येही कॉलमांची नावं गाळलेली असतील तर हाच प्रकार होणार.

कॉपीला फाइलमधला एखादा कॉलम वगळायला सांगता येत नाही. फाइल आता एका तात्पुरत्या टेबलात पूर्ण उतरते, आणि तिथून नावं घेऊन मेंबर्समध्ये जाते. कोड ट्रिम करून ब्रँचेसशी जोडून ब्रँच_आयडी मिळतो. न जुळलेल्या ओळी वेगळ्या ठेवल्या जातात. पडलेली फाइल पुन्हा चालवली, पूर्ण आत आली.

उतरवून ठेवलेली जुन्या कोडची प्रत ३० सप्टेंबरला काढायची. तोपर्यंत ती फक्त वाचण्यासाठी, आणि तीही अ‍ॅडमिनच्या युझरलाच.